काटा मध्यावर आहे ना?

मेकॅनिकच्या दारात गाडी उभी केली की डॅशबोर्डवरचा दिवा विझतो. हा निसर्गनियम शाळेत शिकवत नाहीत, गाडी घेतल्यावर तो आपोआप कळतो. घरापासून गॅरेजपर्यंत लालबुंद होऊन डोळे मिचकावत आलेला तो दिवा गॅरेजची पाटी दिसली रे दिसली की असा मावळतो, की गॅरेजवाले दादा आधी दिव्याच्या जागेकडे बघतात आणि मग माझ्या तोंडाकडे.

“कुठाय दिवा?”

“आत्ता होता.”

“आणि काटा?”

“तोही वर होता.”

“आता तर बरोबर मध्यावर आहे.”

“आता आहे हो. मघाशी नव्हता.”

“मग मघाशीच आणायची ना साहेब!”

शेवटी पुरावा म्हणून बायकोकडून मोबाइलवर व्हिडिओ काढून घेतला. त्यात दिवा नीट दिसत होता. माझा “बघ, बघ, लागला!” हा आनंदाने फाटलेला आवाज होता, मागच्या टेम्पोचा हॉर्न होता आणि “अहो, पुढे बघा!” ही बायकोची किंकाळी होती. दादांनी तो दोनदा पाहिला. पोरांना बोलावून त्यांनाही दाखवला. सगळ्यांना आवडला. एकाने फक्त मागे रेडिओवर कुठलं गाणं लागलंय तेवढं विचारलं.

गाडी सेकंडहँड आहे. विकणाऱ्या एजंटाने “डॉक्टरांची गाडी आहे” या एका वाक्यावर सौदा पक्का केला होता. जुन्या गाड्यांच्या बाजारात डॉक्टरांच्या गाडीला मोठा मान. डॉक्टर म्हणजे गाडी हळू चालवणार, सर्व्हिसिंग वेळेवर करणार, आत वडापाव खाणार नाहीत. त्या बाजारातल्या जाहिराती खऱ्या धरल्या तर महाराष्ट्रात घरटी दोन डॉक्टर निघतील. गाडीला वरचेवर ताप यायला लागल्यावर वाटलं, मूळ डॉक्टरांनाच विचारावं, आधीची काही हिस्टरी आहे का. एजंट म्हणाला, “ते होमिओपॅथीचे होते.” म्हणजे आजार आधी वाढणार, हे आलंच.

तर तो दिवा. त्यातलं चित्र कधी निरखून पाहिलंय? लाटांमध्ये कमरेएवढ्या पाण्यात उभं असलेलं थर्मामीटर. आयएसओ २५७५ नावाचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात गाडीतल्या दिव्यांची चित्रं ठरवून दिली आहेत, का तर जर्मनीतल्या माणसाला आणि जुन्नरच्या माणसाला पाहताक्षणी एकच गोष्ट कळावी. आमच्या घरात त्यातून माणशी एक गोष्ट कळली. मुलीला ती चावी वाटली. मेहुण्याला जहाजाचा नांगर. आत्याला नदीच्या पुरात उभी असलेली दीपमाळ दिसली आणि तिने हात जोडले. मला अर्थ ठाऊक होता, कारण मी पुस्तिका वाचली होती. पुस्तिकेत म्हटलं होतं की दिवा लागल्यास गाडी ताबडतोब सुरक्षित जागी उभी करावी आणि अधिकृत केंद्राशी संपर्क साधावा. ज्याने हे लिहिलं त्याने पुण्यात सुरक्षित जागी गाडी उभी करायचा प्रयत्न कधी केला नसावा.

त्यातून आमच्या गाडीत या एकाच दिव्यावर दोन कामं सोपवलेली. कूलंट कमी झालं तरी तोच लागणार, आणि कूलंट भरपूर आहे पण उकळायला आलं तरी तोच. भूक लागली तरी तेच रडायचं, पोट दुखलं तरी तेच. बाकीचं पालकांनी ओळखायचं.

ओळखायला पालक कमी नव्हते. आमच्या सोसायटीत बॉनेट उघडल्याचा आवाज लिफ्टच्या आवाजापेक्षा लांब जातो. पार्किंगमध्ये बॉनेट वर केलं की तिसऱ्या मिनिटाला चार माणसं मागे हात बांधून इंजिनात डोकावत उभी असतात. त्यातल्या तिघांच्या घरी गाडी नसते. पहिला प्रश्न ठरलेला असतो, “पाणी बघितलं का?” हा प्रश्न विचारला नाही तर तो माणूस या राज्यातला नाही असं खुशाल समजावं.

त्यानंतर निदानं सुरू होतात. एक जण वॉटर पंप म्हणतो. दुसरा रेडिएटरचा पंखा म्हणतो आणि पंखा फिरतोय हे दाखवल्यावर “फिरतोय, पण मनापासून नाही” असं सांगतो. तिसरा आधी इकडेतिकडे बघतो, मला बाजूला घेतो आणि म्हणतो, “हेड गास्केट.” हा शब्द आमच्याकडे दबक्या आवाजातच उच्चारतात. हेड गास्केट गेलं की कूलंट आणि ऑइल एकमेकांत मिसळू शकतं, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा चिखल जमतो आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. मग सगळ्यांनी आळीपाळीने ऑइलचं झाकण उघडून वास घेतला. चहा सापडला नाही. मंडळी जरा खट्टू झाली.

उभं आयुष्य एसटीच्या वर्कशॉपात काढलेले काका एवढा वेळ गप्प होते. ते आता पुढे सरसावले.

“हळद टाका.”

“कुठे?”

“रेडिएटरात. मूठभर. बारीक भोक असेल तर हळद फुगून बसते. आमच्या वेळी लांबच्या ड्रायव्हरकडे पान्ह्याच्या शेजारी हळदीची पुडी असायची.”

हे खरं आहे बरं का. भारतातल्या कितीतरी ट्रकांनी हळदीच्या जोरावर मुक्काम गाठलेले आहेत. वर गेलो आणि बायकोकडे हळद मागितली.

“सांगलीची की साधी?”

“काका काही बोलले नाहीत.”

“आणि हिंग-मोहरी नको? कूलंट आधीच गुलाबी आहे, फोडणी तेवढी राहिली असेल.”

हळद मिळाली नाही. मग शास्त्रशुद्ध मार्गाने जायचं ठरवून कूलंट आणायला स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो.

“कुठला रंग देऊ?” दुकानदाराने विचारलं.

“कुठकुठले आहेत?”

“हिरवा, निळा, गुलाबी, केशरी. गाडी कुठल्या रंगाची आहे?”

“पांढरी.”

“मग हिरवा न्या.”

वास्तविक कूलंटचा रंग म्हणजे निव्वळ रंग. आतला माल कुठल्या जातीचा आहे हे त्यावरून छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही, कारण कुठल्या जातीला कुठला रंग द्यायचा यावर कंपन्यांचं कधी एकमत झालेलं नाही. दोन न जुळणाऱ्या जाती एकत्र आल्या तर टाकीत खळ तयार होऊ शकते. म्हणून डब्याच्या पाठीमागचा बारीक मजकूर वाचायला लागलो. निम्मं कूलंट आणि निम्मं शुद्ध पाणी असं मिश्रण केलं तर ते उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, असं त्यात लिहिलं होतं. बाहेर एप्रिल होता. फुटपाथचं डांबर चपलेला चिकटत होतं.

“आपल्याकडे याचा उपयोग काय हो?”

“लागतं साहेब,” दुकानदार म्हणाला, “कधी काय होईल सांगता येतं का?”

उपयोग असतो, पण तो गोठण्याशी नसतो. आतला धातू गंजू नये आणि पाणी लवकर उकळू नये यासाठी ते असतं. बोअरचं खारं पाणी घातलं तर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत, बादलीच्या कडेला धरतो तो पांढरा थर धरतो. दुकानदाराने हे सांगितलं असतं तर मी डबा आनंदाने घेतला असता. त्याने उणे ३७ ची भीती घातली तरी मी डबा घेतलाच. गुलाबी घेतला. त्याने मान हलवली आणि म्हणाला, “तुमची मर्जी, पण हिरवा उठून दिसला असता.”

नंतर मे महिना आला आणि वाईला लग्न निघालं.

पुण्याहून वाईला जायचं म्हणजे खंबाटकी आला. तेव्हा येताना बोगदा होता, जाताना मात्र घाट चढावाच लागायचा. लग्नतिथीच्या दिवशी त्या घाटात निम्मा महाराष्ट्र एका गिअरमध्ये उभा असायचा. मुहूर्त १२ वाजून २० मिनिटांचा. मागे बायको, मुलगी आणि पैठणी नेसलेली आत्या. पुढे माझ्याशेजारी मेहुणा, हातात मोबाइल. पुढचा कंटेनर दोन हात सरकायचा आणि विचार करत थांबायचा. त्याच्यामागे आम्ही पहिल्या गिअरात, क्लचवर. दुसऱ्या वळणावर दिवा लागला. तिसऱ्या वळणावर काटा उठला.

“दाजी, एसी बंद करा,” मेहुणा म्हणाला.

एसी बंद केला. काटा चढतच राहिला.

“आता हीटर लावा.”

“काय लावू?”

“हीटर. फुल. इथे लिहिलंय.”

लिहिलं होतं ते बरोबरच होतं. गाडीच्या हीटरला वेगळी शेगडी नसते. इंजिनाभोवती फिरून तापलेलं पाणीच डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमधून फिरवतात आणि त्यावरून पंखा वारा आत फेकतो. म्हणजे हीटर लावला की इंजिनाचा ताप घरातल्या माणसांनी वाटून घ्यायचा. योजना म्हणून अतिशय कुटुंबवत्सल. मी बटण लाल टोकाला नेलं, पंखा चारवर केला आणि खंबाटकी घाटात, मे महिन्याच्या दुपारी, गाडीत वणवा सुटला.

पहिल्या मिनिटात कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या मिनिटात मुलीने बूट काढले. तिसऱ्या मिनिटात आत्याचा आवाज आला.

“अरे, आम्हाला लग्नाला नेतोयस की आमचे उकडीचे मोदक करतोयस?”

“आत्या, काटा खाली येतोय.”

“काटा खाली येतोय, पण माझा जीव वर चाललाय!”

काटा खरोखरच खाली येत होता. मेहुण्याला एवढा आनंद झाला की त्याने त्याचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, आणि सात जणांनी त्यावर ‘अभिनंदन’ लिहिलं. त्यांना ते लग्नाचं वाटलं. घाटमाथ्यावर जरा रुंद जागा दिसली तिथे गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं. मेहुणा रुमाल गुंडाळलेला हात टाकीच्या झाकणाकडे नेतोय तोच शेजारी थांबलेल्या ट्रकच्या केबिनमधून हाक आली.

“ओ पाव्हणं! झाकणाला हात नगा लावू. त्वांड भाजंल.”

त्या माणसाला कुठलंही मानक ठाऊक नव्हतं, पण झाकणाचं मर्म त्याला पक्कं ठाऊक होतं. त्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा काहीतरी आकडा असतो. तो आतल्या दाबाचा. त्या दाबाखाली पाणी शंभराला उकळत नाही, थेट १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत दम धरतं. झाकण सैल केलं की दाब जातो, आणि इतका वेळ शिस्तीत बसलेलं ते सगळं पाणी एकाच क्षणी उकळून बाहेर येतं. आम्ही वीस मिनिटं नुसते उभे राहिलो. ट्रकवाल्याने आत्याला पाण्याची बाटली दिली. मला दिली नाही.

वाईला पोचलो तेव्हा आम्ही पाचही जण असे ओलेचिंब होतो, की दारातल्या यजमानांनी विचारलं, “घाटात पाऊस लागला वाटतं?” आत्याचं काजळ हनुवटीपर्यंत आलं होतं. नवरीच्या आईला वाटलं, पाठवणीच्या विचाराने ही बिचारी पुण्यापासून रडत आलीय. त्या दोघी गळ्यात पडून जे रडल्या, ते पाहून व्हिडिओवाल्याने अक्षतांचं शूटिंग सोडून कॅमेरा तिकडे वळवला.

जुन्या लोकांना यात काहीच नवल वाटलं नाही. जेवणाच्या पंगतीत एक गृहस्थ म्हणाले, “आमच्या वेळी फियाट घाटात थांबवायचीच. पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचं, रेडिएटरला पाणी द्यायचं, दशम्या सोडायच्या. तुम्ही लोक थांबतच नाही, म्हणून गाडी तापते.” त्यांचं म्हणणं उडवून लावता येत नाही. कार्ल बेन्झची बायको बेर्था ऑगस्ट १८८८ मध्ये नवऱ्याला न सांगता त्याची गाडी घेऊन दोन मुलांसह मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी गेली. लांबचा मोटारप्रवास असा तो पहिलाच. त्या गाडीत पाणी वाफ होऊन उडूनच जायचं, म्हणून वाटेत मिळेल तिथे ती पाणी भरत गेली. इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीच्या पिनेने साफ केली. तिच्या गाडीला काटाही नव्हता आणि दिवाही नव्हता, म्हणून ती संध्याकाळी सुखाने पोचली. गाडीवर थर्मामीटर आणायची हौस नंतरची. १९१० च्या दशकात अमेरिकेत बॉइस मोटोमीटर नावाचं उपकरण निघालं. ते पुढे रेडिएटरच्या झाकणावर बसवायचं आणि ड्रायव्हरने काचेतून लांबूनच ताप बघायचा. थोड्याच दिवसांत लोक ते शोभेसाठी लावायला लागले. ताप असो वा नसो, आपल्याकडे थर्मामीटर आहे हे शेजाऱ्याला दिसलं पाहिजे!

पुण्यात परतल्यावर दादांकडे गेलो. दिवा अर्थातच विझला. पण या खेपेला आत्याची साक्ष होती. दादांनी इंजिनाचा एक नळा सोडवला, आतून पितळेची एक वस्तू काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

“हे काय?”

“थर्मोस्टॅट. हे फॉरेनला लागतं, साहेब. आपल्याकडे काही गरज नाही. आता काटा कसा वर जातो बघतोच.”

आणि खरंच गेला नाही. काटा तळाशी जाऊन झोपला. मी भेटेल त्याला तो दाखवत होतो. “बघा, वर येतच नाही.” सोसायटीतल्या लोकांनी नाइलाजाने कौतुक केलं. हळूहळू पेट्रोल पंपावरच्या पोरांशी माझी ओळख वाढू लागली. गाडी सकाळी ऑफिसला पोचेपर्यंत गरमच होत नव्हती, आणि गार इंजिन पेट्रोल जास्त पितं. थर्मोस्टॅट म्हणजे एक झडप असते. इंजिन गार असेपर्यंत ती रेडिएटरची वाट अडवून धरते, म्हणजे इंजिनाला लवकर ऊब येते. नंतर तिच्या पोटातलं मेण वितळतं, फुगतं आणि दार ढकलून उघडतं. ती काढली म्हणजे थंडीत दार सताड उघडं टाकून झोपल्यासारखं.

एका रविवारी मी तो थर्मोस्टॅट चहाच्या पातेल्यात टाकला, शेजारी दुधाचं थर्मामीटर धरलं आणि गॅस लावला. पाणी सत्तरपर्यंत गेलं, तो ढिम्म. पंचाहत्तर. ढिम्म. ऐंशी ओलांडल्यावर मधली चकती केसाएवढी हलली. मग ती अगदी सावकाश, कुणी ढकलत नसताना, वर उठायला लागली. खालून पाण्याचा एक बुडबुडा फटीतून निसटला. नव्वदपर्यंत बोट जाईल एवढी वाट झाली होती. गॅस बंद केल्यावर ती तितक्याच सावकाशीने मिटली. मी पुन्हा लावला. पुन्हा उघडली. वीज नाही, वायर नाही, कुणाचा हुकूम नाही, आपलं मेण आणि आपलं काम. मी तो प्रयोग किती वेळ करत बसलो असतो कुणास ठाऊक.

“अहो, ते चहाचं पातेलं आहे ना?” मागून आवाज आला.

ते पातेलं आता गॅलरीत असतं. थर्मोस्टॅट खिशात घालून मी गॅरेज गाठलं.

“दादा, हा तर उत्तम चालतोय.”

“मी कुठे म्हटलं बिघडलाय?”

“मग काढलात कशाला?”

“तुम्हालाच काटा खाली हवा होता ना.”

यावर मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचत नाही. गिऱ्हाइकाला इंजिन बरं करून नको असतं, काटा बरा करून हवा असतो, हे दादा इतक्या वर्षांत शिकले होते. मोठमोठ्या कंपन्याही तेच शिकल्या आहेत. मेहुण्याच्या नव्या गाडीत काटा कायम मध्यावर असतो. घाट असो, सिग्नल असो, तो हलत नाही आणि मेहुणा ते अभिमानाने सांगतो. खरी गोष्ट अशी की अनेक नव्या गाड्यांत काटा मुद्दामच तसा बसवलेला असतो. आत पाणी ऐंशी अंशांवर असो नाहीतर शंभराच्या घरात, काट्याने मध्यावरच राहायचं. पूर्वी काटा खरं बोलायचा, चढावर जरा वर, उतारावर जरा खाली व्हायचा. लोक घाबरून सर्व्हिस सेंटरात रांगा लावायचे. मग काट्याला शिष्टाचार शिकवण्यात आला. आता तो लग्नाच्या रिसेप्शनला उभ्या असलेल्या वधुपित्यासारखा झाला आहे. आत कर्जाचं काय झालंय, केटररने किती ताटं लावलीत, काही कळू देत नाही. हलला की समजायचं, आता खरंच संपलं. तरीही त्यात एक गंमत राहतेच. कूलंट पार गळून गेलं तर तापमान मोजणारा सेन्सर कधीकधी हवेत लोंबकळत राहतो. त्याला चटका लागायला पाणीच उरत नाही. अशा वेळी इंजिन जळत असतं आणि काटा शांतपणे खाली येत असतो. मेहुण्याने त्याचाही फोटो काढला असता.

आमचा काटा जुना, वायरने थेट सेन्सरशी जोडलेला. त्याला पोटात काही ठेवणं जमत नव्हतं. इतकं, की दुसऱ्याची दुखणीही तो तोंडावर दाखवायचा. हे सगळ्यात आधी मुलीच्या लक्षात आलं.

“बाबा, इंडिकेटर दिला की काटा नाचतो.”

“काहीतरीच.”

“द्या ना.”

दिला. टिक, टिक, टिक. काटाही टिक, टिक, टिक. डावीकडे वळायचं म्हटलं की गाडीला ताप चढे आणि उतरे. हेडलाइट लावले तर काटा वर जाऊन बसे, पाठोपाठ वायपर लावले तर आणखी एक पायरी चढे. एकूण पाहता आमच्या इंजिनाला पावसाळ्याच्या रात्री डाव्या वळणावर सगळ्यात जास्त ताप होता, आणि उजेडी, कोरड्या हवेत, सरळ रस्त्यावर प्रकृती ठणठणीत होती.

गाडीच्या वायरिंगचं काम करणारा पोरगा हे ऐकून हसला. “अर्थिंग गेलंय.” त्याने डॅशबोर्डखाली हात घालून एक बोल्ट सोडवला. त्याखालच्या वायरचं टोक हिरवट गंजलं होतं. त्याने ते पॉलिश पेपरने घासलं, व्हॅसलिनचं बोट लावलं आणि बोल्ट आवळला. दिव्यांचा परतीचा करंट आणि काट्याचा परतीचा करंट त्याच गंजलेल्या दारातून जात होते. दिव्यांची गर्दी झाली की काट्याची चेंगराचेंगरी व्हायची.

“किती झाले?”

“द्या दोनशे.”

सोसायटीत सांगितलं तर कुणाला पटेना. “एवढंच असेल असं वाटत नाही,” सगळे म्हणाले. एसटीवाले काका तर उघडच नाराज होते. हळदीचा सल्ला वाया गेला याचं त्यांना वाईट वाटत होतं.

ते तरी सर्वस्वी चूक कुठे होते? घाटात काटा चढला होता तो काही इंडिकेटरमुळे नाही. थर्मोस्टॅट जागेवर बसवताना दादांच्या छोटूने हातपंपासारखं एक यंत्र कूलंटच्या टाकीवर चढवलं आणि गार इंजिनात दाब भरला. पंपावरचा काटा एकवर आला, थांबला आणि सावकाश खाली उतरू लागला. छोटूने टॉर्च मारली. पिवळ्या पडलेल्या प्लास्टिकच्या टाकीला, बरोबर सांध्यावर, केसासारखी चीर होती. तिच्यातून एक गुलाबी थेंब बाहेर आला, फुगला आणि ओघळला. दाब सोडल्याबरोबर चीर मिटून दिसेनाशी झाली. म्हणजे गळणार ते तापल्यावरच, आणि गार झाल्यावर चौकशीला कुणी आलं तर आपण गावचेच नाही.

दिव्याचा निसर्गनियमही तिथेच उलगडला. टाकीत दोन पिना असतात. त्या कूलंटमध्ये बुडालेल्या असल्या तर दिवा गप्प. आमचं कूलंट गळून गळून बरोबर पिनांच्या टोकाशी आलं होतं. चढावर गाडी कलली की पाणी एका बाजूला सरकायचं, पिना उघड्या पडायच्या आणि दिवा लागायचा. आमच्या घराकडून गॅरेजला जाणारा रस्ता चढाचा आहे. गॅरेजच्या दारातली फरशी मात्र दादांनी लेव्हल लावून, अगदी सपाट करून घेतली आहे.

“मग इतके दिवस प्रेशर टेस्ट का नाही केली?” मी विचारलं.

“दिवाच लागत नव्हता ना साहेब.”

टाकी बदलली. काटा आता ऐंशीच्या वर कुठेतरी मध्यावर असतो आणि माझा त्याच्यावर बिलकूल विश्वास नाही. सिग्नलला उभा राहिलो की मी रस्त्याकडे बघत नाही, त्याच्याकडे बघतो. मागचे हॉर्न वाजवतात. या सवयीला कंटाळून बायकोने नवी गाडी बघायचा घाट घातला (हा घाट खंबाटकीपेक्षा महाग आहे). शोरूममध्ये आत्यालाही घेऊन गेलो. गुळगुळीत डॅशबोर्डवर सगळं होतं, फक्त काटा नव्हता.

“तापमानाचा काटा कुठाय?”

“आता नसतो, सर,” सेल्समन म्हणाला. “इंजिन गार असेल तर निळा दिवा. फार तापलं तर लाल.”

“आणि मधे?”

“मधे काही नाही. मधे सगळं ठीक असतं.”

“ते कळणार कसं?”

“दिवा लागला नाही की ठीक, सर.”

“आणि दिवाच बिघडला असेल तर?”

त्याने थंडपणे बटण दाबलं. सगळे दिवे एकदम लागले आणि एकेक करून विझले. “स्टार्ट करताना दर वेळी ते स्वतःची अशी तपासणी करून घेतात. तुम्ही फक्त सगळे लागले का ते बघायचं.”

“आणि विझले का, तेही?”

“तेही, सर.”

मी माझ्या नव्या कामाचं स्वरूप समजून घेत होतो तेवढ्यात मागच्या सीटवर पदर सावरून बसलेल्या आत्याने सेल्समनला जवळ बोलावलं.

“बाळ, दिव्याबिव्याचं राहू दे. यात हीटर आहे का?”

“आहे ना आजी! ऑटोमॅटिक. मागच्या सीटला सुद्धा वेगळे व्हेंट दिलेत.”

आत्या दार उघडून खाली उतरली.